दोन मिलिमीटर

भिंग जेवढं मोठं, तेवढी त्यात माणसं जास्त मावतात, हा प्रकाशशास्त्राचा नियम खुशालरावांनी स्वतः शोधून काढला होता. अमरावतीच्या कॉलेजात त्यांनी तीस वर्षं मराठी शिकवलं.

अकोल्यातल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून त्यांनी रुंद फिल्मच्या जुन्या कॅमेऱ्याचं भिंग आणलं. वाडग्याएवढं! ते आपल्या छोट्या रोलच्या कॅमेऱ्यावर बसावं म्हणून बडनेऱ्याच्या धर्मपालकडून लेथवर मधलं कडं कातून घेतलं.

"सर, दोन मिलिमीटर जाड झालं. तेवढं कातून कमी करून देऊ का?"

"दोन मिलिमीटरनं काय होते, बाप्पा! लय घाई आहे मले."

घाई खरी होती. भातकुलीच्या मोठ्या बहिणीला, मैनाबाईंना, पंच्याहत्तरावं वर्ष लागलं होतं आणि त्यांचं मागणं एकच होतं: दोन्ही पोरं एका फोटोत. शेषराव आणि देवीदास नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. अंजनगावच्या एका लग्नात आहेर पुकारताना भोंग्यावर धाकट्याचं नाव आधी आलं होतं.

"काही फिकीर करू नको, बाई," खुशालराव म्हणाले. "दोघं दोन टोकाले राहू दे. या भिंगात आख्खी भातकुली मावते!"

अंगणात चौदा माणसं उभी राहिली. एका टोकाला शेषराव, दुसऱ्या टोकाला देवीदास. दोघांची तोंडं दोन तालुक्यांकडे. खुशालरावांनी कॅमेऱ्याला डोळा लावला. आत फक्त मैनाबाई आणि दोन्ही सुनांचे अर्धे अर्धे पदर होते.

ते मागे सरकले. माणसं मावायला लागली, पण सगळ्यांच्या तोंडावर साय धरली! भिंग कितीही फिरवलं तरी दहा फुटांपलीकडे जगाला आकारच नव्हता. त्यांनी बडनेऱ्याला फोन लावला.

"तेच दोन मिलिमीटर, सर. भिंग तेवढं पुढं राहिलं, लांबचं धूसरच दिसणार," धर्मपाल शांतपणे म्हणाला. "जवळून काढा."

जवळ गेलं की तीन माणसं. लांब गेलं की चौदा भुतं.

"मामा, काय करून राहिले तुमी? बँडवाल्यासारखे मागं-पुढं!" शेषराव ओरडला.

शेवटी अकरा जणांना बाहेर काढलं. सुना त्या दिवसापासून खुशालरावांना पाणी विचारत नाहीत. मैनाबाई मध्ये, दोन बाजूंना दोन पोरं.

"चिकटा अजून! शेषा, तुहा कान कटून राहिला. आईच्या खांद्यावर हात टाका दोघंही!"

नऊ वर्षांनी देवीदास भावाशी पहिलं वाक्य बोलला.

"पाय काढ माह्या पायावरून."

"तू सरक ना मंग!"

"बोलले रे, बोलले!" मैनाबाई हसल्या, आणि खुशालरावांनी बटण दाबलं.

अकोल्याहून रोल धुऊन आला. फोटो काचेसारखा स्वच्छ! खुशालरावांनी तीन प्रती काढून तीन घरी दिल्या. मैनाबाईंच्या भिंतीवर तीन माणसं आहेत. शेषरावच्या भिंतीवर दोन. देवीदासच्याही दोनच. कात्री दोघांनीही सरळ चालवली. आईच्या खांद्यावरचा एक जास्तीचा हात तेवढा दोन्हीकडे राहिला.