संगणक विज्ञानकार्यात मग्न आहे

खडकओढा ग्रामपंचायतीकडे एक संगणक आहे आणि तो चालू स्थितीत आहे. या दोन गोष्टी आमच्या भागात एकाच वेळी क्वचित खऱ्या असतात, म्हणून त्यांची सुरुवातीलाच नोंद घेतलेली बरी. मी या गावचा ग्रामसेवक. पदाचं नाव मध्यंतरी वरून बदलून आलं, पण ते गावाला लांब पडतं, म्हणून सगळे मला भाऊसाहेबच म्हणतात.

एसटीत कंडक्टर असलेल्या खाजाभाईंची मुलगी झरीन बारावी सायन्स झाली आणि निकालानंतरच्या सुट्टीत एक दिवस कार्यालयात आली. दारातूनच बोट दाखवत म्हणाली, "भाऊसाहेब, हा दिवसभर नुसता बसून असतोय. ह्याला कामाला लावू का?"

मी सावरून बसलो. बोट संगणकाकडे होतं हे जरा उशिरा लक्षात आलं.

तिनं समजावून सांगितलं ते असं. शास्त्रज्ञ औषधं शोधतात, त्यासाठी शरीरातली प्रथिनं कशी दुमडतात याची प्रचंड आकडेमोड लागते आणि ती एकट्या यंत्राला झेपत नाही. मग त्या आकडेमोडीचे बारीक तुकडे करून ते इंटरनेटवरून जगभरच्या लोकांच्या घरी पाठवतात. आपला संगणक रिकामा असला की वाट्याला आलेला तुकडा सोडवतो आणि उत्तर परत धाडतो. त्याचे पैसे मिळत नाहीत, गुण मिळतात. मित्रांचा, कॉलेजचा, गावाचा असा संघ करता येतो आणि कुठला संघ कितवा हे साऱ्या जगाला दिसतं. तिच्या घरचा जुना लॅपटॉप या कामाला लागलेलाच होता. कारण तिची दादी, अजीजाबी. त्यांचे हात कापतात. कपातला चहा बशीत आणि बशीतला पदरावर जातो. ज्या आजारानं हात कापतात त्याच्याच औषधाचं हे गणित होतं.

"दादीला उपयोग व्हईल का न्हाय, ठाऊक न्हाय," झरीन म्हणाली. "पण कुणाच्या तरी दादीला व्हईल."

ऐकून मला भरून आलं. मी तिला रीतसर अर्ज करायला सांगितलं.

अर्ज ग्रामसभेपुढे गेला. आमच्या सरपंच गौराबाई आहेत आणि त्यांच्या वतीने बोलण्याचं, सही सोडून सगळं करण्याचं काम त्यांचे यजमान बलभीमराव पाहतात. आजार, औषध, प्रथिनं यातलं सभेला काही कळलं नाही. गुण मात्र सगळ्यांना कळले. बलभीमरावांनी काही वर्षांपूर्वी श्रमदानाच्या स्पर्धेत माळावर चर खणून घेतले होते. त्या चरांत अजून पाणी आलेलं नाही, पण ढाल आलेली आहे.

"म्हंजे हे श्रमदानच की!" ते उभे राहून म्हणाले. "फक्त घाम मशीनचा. लिवा, भाऊसाहेब."

मी लिहिलं, 'ग्रामपंचायतीच्या रिकाम्या संगणकाचे श्रमदान करण्यास ही सभा मंजुरी देत आहे.' ठराव एकमताने मंजूर झाला. श्रमदानाला कुदळ-फावड्याची पूजा करून सुरुवात होते, म्हणून संगणकाचीही झाली. नारळ फुटला, पडद्याला हार बसला आणि हळदकुंकवाने की-बोर्डाची चार बटणं कायमची बसली. पुढे जे घडलं ते पाहता ती बटणं कोणाला लागणार नव्हतीच.

संघाचं नाव 'खडकओढा विज्ञानवीर'. पहिले काही दिवस गाव रोज सकाळी येऊन गुण विचारायचं. मग कुणीतरी बातमी आणली की शेजारच्या जळकोटच्या पोरांनीही संघ काढला आहे आणि तो आपल्या पुढे आहे. त्या दिवसापासून औषधाचा विषय मागे पडला.

बलभीमरावांनी झरीनला बोलावून घेतलं. "आपलं मशीन कमी का पडतंय?"

"भाऊसाहेब दाखला काढायला बसले की ते थांबतं, चाचा. रिकामं असलं तरच काम करायचं, असं त्याला सांगितलंय. तिथली एक टिक काढली की दोन्ही कामं संगंच चालतील."

बलभीमरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी ठराव काढून वाचून दाखवला. त्यात 'रिकाम्या संगणकाचे' असे स्पष्ट शब्द आहेत. भरल्या संगणकानं श्रमदान केलं तर ते ठरावाविरुद्ध होईल आणि लेखापरीक्षणात माझ्यावर आक्षेप येईल. टिक काढायची तर ठरावात दुरुस्ती हवी, दुरुस्तीला ग्रामसभा हवी आणि पुढची ग्रामसभा पंधरा ऑगस्टला. टिक राहिली. त्याऐवजी दाखले फक्त मंगळवारी द्यायचे ठरलं.

मंगळवारी गुण खाली यायचे. गाव कासावीस व्हायचं. शेवटी मंगळवारही बंद झाला आणि दारावर पाटी लागली, 'संगणक विज्ञानकार्यात मग्न आहे. कृपया सहकार्य करावे.' शिपाई धुळाप्पाला माउसशेजारी स्टुलावर बसवलं. माउस तसूभर हलला तरी यंत्राला वाटतं मालक आला आणि ते श्रमदान सोडून देतं. म्हणून पंखा बंद केला. म्हाळसाबाई झाडायला येत, त्यांना लांबूनच झाडायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्या वीस वरीस झाडतेय, हितं कुणी एवढं मन लावून काम करताना बगितलं न्हवतं." मला ते कौतुकच वाटलं.

शाळेनेही आपले संगणक संघात देऊन साथ दिली. संगणकाच्या तासाला मुलांना प्रयोगशाळेत नेत, यंत्रांसमोर हाताची घडी घालून बसवत आणि तास संपला की परत आणत. वीज गेली की पाण्याच्या टाकीवरचा जनरेटर इकडे आणत. गावात पाणी एक दिवसाआड येतच होतं, ते दोन दिवसांआड झालं. त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही, कारण तक्रार नोंदवायची संगणकावर.

महिन्याभरात जळकोट मागे पडलं. वरच्या कार्यालयाला हे कळल्यावर आमच्या प्रयोगाचं 'निर्विघ्न संगणक अभियान' झालं आणि परिपत्रक निघालं की सर्व कार्यालयांनी आपापले संगणक अधिकाधिक वेळ अस्पर्श ठेवावेत. सर्वांत निर्विघ्न कार्यालयाला जिल्हा पातळीवर गौरव. आम्हाला खडकओढ्यात एवढे कष्ट पडले, पण काही कार्यालयं पहिल्याच आठवड्यात आमच्या बरोबरीला आली. त्यांना रोजच्या कामात काही बदल करावा लागला नाही म्हणे. अनुभवाची बरोबरी करणं अवघड असतं.

निकाल शनिवारी लागायचा होता आणि आम्ही थोडक्यात पुढे होतो. शुक्रवारी दुपारी झरीन आली. लातूरच्या एका कॉलेजात तिला बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता, याच प्रथिनांच्या विषयात. मुलींच्या वसतिगृहात जागाही मिळाली होती. फक्त रहिवासी दाखला जोडायचा होता आणि तो त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत.

"दोन मिनटाचं काम हाय, भाऊसाहेब."

"उद्या संध्याकाळी ये."

"उद्या जागा दुसरीला देतेत."

"मग हातानं लिहून देऊ का?" मी विचारलं आणि मीच उत्तर दिलं, "पण हस्तलिखित दाखला चालत नाही. संगणकावरचाच लागतो. पारदर्शकतेसाठी."

धुळाप्पा स्टुलावरून उठला होता. पोरीला लहानपणापासून बघितलेला माणूस. "भाऊसाहेब, द्या की. म्या डोळं झाकतो," तो म्हणाला. मी त्याला बसायला सांगितलं.

झरीन पडद्याकडे बघत होती. पडद्यावर प्रथिनाची रंगीत गुंतवळ हळूहळू फिरत होती. तुकडा जवळजवळ सुटत आला होता. मी समजुतीच्या सुरात म्हणालो, "हे बघ बेटा, हे कुणासाठी चाललंय? तुझ्या दादीसाठीच ना? आता तूच त्यात व्यत्यय आणणार का?"

तिचे डोळे भरलेले दिसले. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण वाईट वाटून घेताना मी हात टेबलाखाली ठेवले होते, चुकून माउसला लागू नयेत म्हणून.

तेवढ्यात खाजाभाई आले. ड्यूटीवरून तसेच, खाकी कपड्यांत, खांद्याला बॅग. त्यांना सगळा प्रकार सांगितला. त्यांनी खांद्यावरची बॅग उतरवून हातात घेतली.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "म्या तिकीट फाडतो ते गाडी चालू असतानाच फाडतो. तिकिटासाठी गाडी उभी ऱ्हात न्हाय, न् गाडी चाललीया म्हनून कुणाचं तिकीट ऱ्हात न्हाय. तुमची कसली गाडी म्हनायची ही?"

"तुमचं परिवहन खातं वेगळं, आमचं ग्रामविकास," मी म्हणालो.

झरीन कार्यालय बंद होईपर्यंत टेबलापलीकडे उभी राहिली. तिला बसायला सांगावं असं माझ्या मनात आलं होतं, पण खुर्ची सरकवली की जमीन हादरते.

शनिवारी आम्ही जिल्ह्यात पहिले आलो. बलभीमराव माझ्या गळ्यात पडले आणि मला, लपवत नाही, रडू फुटलं. आयुष्यात पहिल्यांदा मला काही न केल्याबद्दल शाबासकी मिळत होती, तीही जाहीर.

सत्काराच्या सभेला झरीनला आग्रहानं बोलावलं. एवढ्या मोठ्या कार्याची सुरुवात तिनं केली होती, तिला विसरून कसं चालेल? व्यासपीठावर गौराबाईंच्या हस्ते शाल दिली, नारळ दिला आणि 'विज्ञानकन्या' असं छापलेलं सन्मानपत्र दिलं. रंगीत, कडेला वेलबुट्टी, खाली माझी सही. अजीजाबी पुढच्या रांगेत होत्या. त्यांना टाळ्या वाजवता येत नव्हत्या, हात भलतीकडेच जात होते.

झरीनला दोन शब्द बोलायला सांगितलं. तिनं सन्मानपत्र उलटसुलट करून पाहिलं.

"भाऊसाहेब, हे कुठं छापलं?" तिनं माइकवरूनच विचारलं.

"आपल्याच कार्यालयात," मी अभिमानानं सांगितलं.

"कधी?"

"निकालाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी. बलभीमरावांनी खास परवानगी दिली होती. सत्काराचं काम होतं."

ती माइकपासून बाजूला झाली. दोन शब्द ती बोललीच नाही. वेळ वाचला म्हणून बलभीमरावांनी स्वतः थोडं जास्त बोलून घेतलं.

लातूरची जागा गेली. झरीन घरीच आहे. तिच्या लॅपटॉपवर ते काम अजून चालतं, शेजारी बसून ती अभ्यास करते आणि दोन्ही एकाच वेळी कसं जमतं हे मला अद्याप समजलेलं नाही.

आमचं अभियान मात्र वाढतं आहे. शासनाच्या लक्षात आलं आहे की संगणकापेक्षा माणसं संख्येनं पुष्कळ जास्त आहेत आणि त्यांचा रिकामा वेळ तर मोजलेलाच नाही. लवकरच त्यांचेही संघ होतील. तुम्ही नोंदणीची काळजी करू नका. ही हकिकत तुम्ही पहिल्या शब्दापासून इथपर्यंत, हातातलं काम बाजूला ठेवून, वाचली आहे, तेव्हा पात्रता सिद्ध झाली. एवढंच सांभाळा, वाचताना टेबलापलीकडे कुणी कागद घेऊन उभं राहिलेलं असेल, तर मान वर करू नका. गुण जातात.