दुसऱ्याच्या घरची शिटी

संध्याकाळी घाडीकाकांबरोबर वाकोल्यातून चालायचं म्हणजे शिक्षा. बसस्टॉपपासून त्यांची खोली हाकेच्या अंतरावर, पण त्या वेळेला घराघरांत कुकर लागलेले असतात. आणि दुसऱ्याच्या घरची शिटी कानावर पडली की काकांचे पाय जागच्या जागी थांबतात. एक बोट वर, मान तिरकी. मागून रिक्षावाला शिव्या घालतोय, पण काका हलणार नाहीत. शिटी पुरी झाली की निकाल.

"पास."

मग चालायचं. चार पावलं गेलो की वरच्या माळ्यावरून दुसरी शिटी. परत बोट वर.

'पास'पर्यंत ठीक होतं हो. 'नापास' म्हणाले की संपलं. कारण मग काका ते घर शोधून काढायचे, जिना चढायचे, दार वाजवायचे. कोणीतरी बाई पदराला हात पुसत दार उघडायची, तर समोर पांढरा बुशशर्ट, हातात रिकामा डबा आणि चेहरा असा गंभीर, की गावाहून तार आली असावी. "वहिनी, तुमच्या कुकरची रिंग गेली. वाफ बाजूनं जाते. उद्याच्या उद्या बदला." एवढं बोलून खाली. नाव नाही, गाव नाही.

एकदा एका घरात मुलगी बघायचा कार्यक्रम चालला होता. मुलीच्या बापाला वाटलं, हे मुलाचे मामा, उशिरा आले. आत नेऊन बसवलं, पोहे दिले. काकांनी पोहे खाल्ले, लिंबू चांगलं पिळलंय म्हणाले, रिंग बदलायला सांगितली आणि निघाले. लग्न जमलं म्हणे. रिंग बदलली की नाही, ते मात्र काका पुढच्या आठवड्यात जिन्यात उभे राहून स्वतः ऐकून आले.

शांताराम घाडीगावकर. आमची कंपनी अंधेरी पूर्वेला, प्रेशर कुकर बनवणारी. काका तिथे टेस्टिंगला आणि मी डिस्पॅचला. मी सांगोल्याहून नवीनच आलेला, पुढच्याच गल्लीत मावशीकडे राहणारा. शाळेत हेडमास्तरांपासून घंटेवाल्या शिपायापर्यंत सगळ्यांचे आवाज काढून सगळ्यांचा मार खाल्लेला. कंपनीत आल्यावर आठवड्याभरात माझं नाव 'रेडिओ' पडलं.

आमची ओळख झाली ती कॅंटीनमध्ये. मी टेबलाखाली डोकं घालून रिंग गेलेल्या कुकरची शिटी काढली. अशी बाजूनं फसफसणारी, दमेकरी शिटी. तर हा माणूस हातातला घास टाकून थेट कॅंटीनच्या भटारखान्यात घुसला. तिथला कुकर उघडून बघितला. त्यात उद्याची मटकी भिजत होती. बाहेर आले, सगळे हसत होते, माझ्याजवळ आले. मी म्हटलं, आता कानाखाली बसणार.

"माणसाच्या तोंडात रिंग नसता," काका शांतपणे म्हणाले. "नायतर तुझी पण बदलूक सांगितलय असती."

काका माझ्याशी मालवणीत बोलायचे, साहेबलोकांशी शुद्ध मराठीत. म्हणजे शुद्ध मराठीतले दोनच शब्द. "होय साहेब." त्यापलीकडे साहेबासमोर त्यांची जीभ चालत नसे. आमचे मोठे साहेब पेंडसे एकदा टेस्टिंगला आले आणि म्हणाले, "आपलं नाव काय?" काका म्हणाले, "होय साहेब." पेंडशांनी "किती वर्षं आहात इथे?" विचारलं. त्यालाही तेच. साहेब गेल्यावर काका अर्धा तास पंख्याखाली बसून होते.

एरवी मात्र त्यांचं एक वाक्य सगळ्या दुनियेला पुरायचं. "शिटी झाली म्हणजे भात झालो, असा नाय." कोणाला प्रमोशन मिळालं, हेच वाक्य. कोणाचा साखरपुडा झाला, हेच वाक्य. रंगीत टीव्ही नवा नवा आला होता, आमच्या फोरमनने हप्त्यावर घेतला आणि पेढे वाटले, तर पेढा तोंडात टाकून काकांनी त्याला हेच ऐकवलं.

तर दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. माल दणादण निघत होता आणि प्रॉडक्शनच्या साळवीने नवीन सप्लायरकडून सेफ्टी व्हॉल्व्ह आणले. सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे झाकणावरची ती छोटी घुंडी. शिटीच्या भोकात डाळ अडकली आणि आत वाफ कोंडली, की ही घुंडी वितळून वाफ सोडून देते. फुस्स होतं, बाई दचकते, वरण छताला लागतं, पण बाई शाबूत राहते. काकांचं काम हेच. प्रत्येक लॉटमधला कुकर जाळीच्या पिंजऱ्यात ठेवायचा, शिटीचं भोक मुद्दाम बुजवायचं, गॅस पेटवायचा आणि बाहेर उभं राहायचं. फुस्स झालं की पास. मग त्या लॉटच्या प्रत्येक कुकरवर गोल स्टिकर. 'तपासले', आणि खाली काकांची सही, 'शां. घा.'.

नवीन घुंडी वितळेचना. झाकण फुगलं, कर्कश वाजलं आणि पिंजऱ्याच्या छताला जाऊन आदळलं. काकांनी दुसरा लावला. तोही तसाच.

साळवी वाईट माणूस नव्हता, घाईतला माणूस होता. तो म्हणाला, "अहो काका, शिटी वाजतेय ना? गिऱ्हाइकाला शिटी पाहिजे. डाळ अडकते कधी, फुटतो कधी." काका सही करेनात. साळवीने आधी गोडीत सांगितलं, मग भिवंडीच्या गोडाऊनला बदली करीन म्हणाला. आणि शेवटी त्याने तोडगा काढला: काकांनी काही करायचंच नाही, स्टिकर सहीसकट छापून आणायचे.

त्या दिवशी वाकोल्यात काका एकाही शिटीला थांबले नाहीत. मला भीतीच वाटली.

"नाव माझा आणि हात दुसऱ्याचो," घराजवळ आल्यावर ते म्हणाले. "ह्या कसा चलतला रे?"

मी म्हटलं, पेंडसेसाहेबांना सांगा. ते म्हणाले, सांगणार कसं, त्यांच्यापुढे गेलो की 'होय साहेब'च निघणार. आणि या वेळी त्या 'होय'चा अर्थ वेगळा होईल.

म्हणून मग तालीम सुरू झाली. जेवणाच्या सुट्टीत भंगाराच्या ढिगामागे एका उलट्या पिंपावर मी पेंडसेसाहेब होऊन बसायचो. पेंडसे नाकात बोलायचे, प्रत्येक वाक्याआधी "असं बघा" आणि मधे एक बारीक खोकला. मी म्हणायचो, "असं बघा, घाडीगावकर, तुम्ही सही का करत नाही?" की समोर काका हात जोडून उभे. "होय साहेब."

"काका, मी आहे. रेडिओ."

"माका ठाऊक आसा. पण तू तसो बोललंस काय माका घाम येता."

तोंडाकडे बघून जमेना, तेव्हा आम्ही तालीम फोनवर नेली. कंपनीत खात्याखात्यांतून आतले फोन होते. मी डिस्पॅचमधून टेस्टिंगला लावायचो. हा उपाय झकास लागू पडला. तोंड दिसत नाही म्हटल्यावर काका आधी वाक्यभर बोलले, मग दोन वाक्यं. मग तर असे सुटले की पेंडशांना सुनवायला लागले. वर मलाच सूचना. आज खोकला विसरलंस. आज नाक कमी झाला.

त्यांचं ठरलं होतं की सोमवारी वर केबिनमध्ये जाऊन बोलायचं. पण साळवीची घाई त्याच्याही पुढे निघाली. शनिवारीच छापील स्टिकरचा गठ्ठा आला. गेटवर ट्रक लागला, माल चढायला लागला. मी काकांना सांगायला धावत टेस्टिंगला गेलो, तर दारातूनच बघितलं, काका फोनवर. एक पाय स्टुलावर, तळहातावर शेंगदाणे, एकदम मजेत.

"बोला पेंडसेसाहेब, बोला," काका म्हणत होते. "आज आवाज जरा पडलो हा. कालचो बरो होतो. नाकातून काढ, नाकातून."

मी दारात. म्हणजे फोनवर मी नव्हतो.

मी हात हलवले, पण काकांची पाठ होती. "सही का करत नाही, विचारता? सांगतो ना. बसा जरा," असं म्हणून ते आरामात वळले आणि त्यांना मी दिसलो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हातातल्या फोनकडे. मग परत माझ्याकडे. पाय स्टुलावरून खाली आला. कपाळावर घाम फुटला, अगदी तोच, साहेब समोर आल्यावरचा. फोनमधला नाकातला आवाज मला दारापर्यंत ऐकू येत होता. असं बघा, घाडीगावकर, हे काय चाललंय, साळवी सांगतात तुम्ही माल अडवलाय. सही करणार आहात की नाही?

मी मनात म्हटलं, वाट लागली. आता 'होय साहेब'.

काकांनी शेंगदाणे सावकाश खिशात टाकले.

"नाय साहेब," ते म्हणाले.

मग थांबले नाहीत. आवाज थरथरत होता, पण वाक्यं भंगारामागे घोटली होती त्याच क्रमाने येत होती. "हा व्हॉल्व्ह वितळत नाही, साहेब. माझं नाव छापून लावायचं तर आधी मला कामावरून काढा. आणि माल सोडायच्या आधी एकदा खाली या. मी कुकर लावतो, तुम्ही बघा. तुमच्या घरातलं माणूस त्या कुकरपुढे उभं करायला तुम्ही तयार झालात, तर मी आत्ता सही करतो."

फोन ठेवला आणि खाली बसले.

"तू हयच होतस?"

"हो."

"मगे आधी सांगूचा ना."

"आधी सांगितलं असतं तर बोलला असता?"

काकांनी त्यावर प्रामाणिकपणे विचार केला. "पाणी दी," म्हणाले.

पेंडसेसाहेब चहाचा पेला घेऊनच खाली आले, मागे साळवी. काकांनी गाडीवरचाच एक कुकर उतरवून पिंजऱ्यात लावला. आम्ही सगळे जाळीबाहेर. बराच वेळ काही होईना. साळवीचा चेहरा खुलायला लागला होता, आणि धाडकन आवाज आला. झाकण छताला लागलं, छताच्या पत्र्याला पोक आलं, आणि पेंडशांच्या हातातला पेला खाली. ते पोक पुढे कित्येक वर्षं तसंच होतं.

"असं बघा," पेंडसे म्हणाले. ट्रककडे बोट दाखवलं फक्त.

माल उतरला. साळवी स्वतः बाह्या वर करून उतरवत होता. संध्याकाळी चहाच्या टपरीवर मला म्हणाला, "बरं झालं यार. माझ्या घरी पण आपलाच कुकर आहे." बायकोला निरोप धाडून त्याने त्या दिवशी भात पातेल्यात करायला लावला होता. नंतर काकांना त्याने कधी घाई केली नाही. काकांची भिवंडीही टळली.

मला मात्र पेंडशांनी केबिनमध्ये बोलावलं. 'कालचो आवाज बरो होतो' याचा अर्थ काय, म्हणाले. म्हटलं, कल्पना नाही साहेब. ते बारीक खोकले. "असं बघा, मी इतका नाकातून बोलतो का?"

"नाही साहेब," मी म्हणालो, आणि घाबरल्यामुळे ते नाकातून निघालं. त्यावर ते खिडकीकडे वळले. त्यांचे खांदे हलत होते. मी पळालो.

सगळ्या कुकरांचे व्हॉल्व्ह बदलायचे म्हणून डिस्पॅचच्या सुट्ट्या रद्द झाल्या. माझी सांगोल्याची दिवाळी बुडाली. मावशीचं घरदार गावी गेलेलं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी काका म्हणाले, एकटो काय करतलस, माझ्याकडे चल जेवायला.

इतके दिवस बरोबर चाललो, पण त्यांच्या खोलीत मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. एक खाट, एक स्टोव्ह, भिंतीवर काकींचा फोटो, त्याला ताजा हार. फळीवर चार भांडी घासूनपुसून लावलेली. काकांनी तांदूळ धुतले आणि टोपात टाकून स्टोव्हवर ठेवले.

मी फळीवर बघितलं, खाटेखाली बघितलं. "काका, तुमचा कुकर?"

"लेकीक दिलंय. एकट्या माणसाक कुकर कित्याक?" टोपावर झाकण ठेवत ते म्हणाले. "ही होती तेव्हा होतो. मी खाली नाक्यावर आसतानाच शिटी ऐकू येयची. कळायचा, घरात भात लागलो."

बाहेर अख्ख्या बिल्डिंगीत कुकर वाजत होते. काका टोपाकडे बघत बसले. बोट मात्र सवयीने प्रत्येक शिटीला मांडीवर थोडंसं उचललं जात होतं.

मी खाटेच्या कोपऱ्यात सरकलो, तोंड भिंतीकडे केलं आणि एक शिटी काढली. यावेळी रिंग नवी, वजन नीट बसलेलं, सरळ वर जाणारी.

काकांचं बोट वर गेलं. मान तिरकी झाली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. मी निकालाची वाट बघत होतो. त्यांनी स्टोव्हची वात जरा कमी केली.

"थांबलंस कित्याक?" म्हणाले. "ह्यो तांदूळ तीन शिट्यांचो आसा."