शेवटची पानं फरार

टेबल आज चक्क डुगडुगत नव्हतं, त्यामुळे भिंगकाकांचं अक्षरही सुरेख येत होतं. जुन्या रहस्यकादंबऱ्यांची परीक्षणं ते दर आठवड्याला वर्तमानपत्रात लिहीत आणि बारीक टाइप वाचायला भिंग वापरत. नाव त्यावरूनच पडलेलं. त्यांची एक शिस्त होती. शेवटचं प्रकरण सोडून सगळं वाचायचं, खुनी कोण याचा अंदाज परीक्षणातच लिहून टाकायचा आणि मगच शेवट उघडायचा.

आज त्यांनी ठासून लिहिलं, ‘खून पुतण्यानेच केला. कंपाउंडर बिचारा देवमाणूस.’ मग शेवट उघडला. शेवट नव्हताच! ‘आता मी खुन्याचं नाव सांगतो,’ असं म्हणून गुप्तहेर खुर्चीतून उठला होता आणि पुढे थेट पुठ्ठा.

काल तर पानं जागेवर होती. म्हणजे काम घरातल्याच माणसाचं.

तेवढ्यात संपादकांचा फोन आला. “संध्याकाळपर्यंत परीक्षण आलं नाही, तर त्या जागेवर कायमचं शब्दकोडं टाकतोय.”

काकांनी भिंग उचललं आणि ऑफिसला निघालेल्या सुनेला दारातच अडवलं.

“पर्स उघड.”

“बाबा, डबा आहे त्यात. वास घ्यायचाय का?”

“प्रश्नाला प्रश्न! लक्षात ठेवतो.”

मग मुक्कामाला आलेला आणि जायचं नाव न काढणारा मेव्हणा.

“दाजी, मी कशाला वाचू तुमची पुस्तकं? मला झोप तशीही येते.”

“मग काल कपाटामागे काय करत होतास?”

“चार्जर शोधत होतो!”

“पहिल्या प्रकरणात सगळे हेच म्हणतात.”

काकू शेंगा सोलत होत्या. “माझी झडती कधी?”

“तुझी कशाला? तुला या पुस्तकांचा तिटकारा. तू संशयापलीकडची.”

“सुटले बाई,” काकू म्हणाल्या.

दुपार झडतीतच सरली. काका डोकं धरून बसले, तशा काकू म्हणाल्या, “अहो, कंपाउंडर लिहून टाका.”

“कशावरून?”

“तुम्ही ज्याला देवमाणूस म्हणता, त्यालाच शेवटी बेड्या पडतात. इतकी वर्षं ऐकतेय. कधी चुकलंय?”

काकांनी सगळी परीक्षणं आठवून पाहिली. नव्हतं चुकलं. त्यांनी मान खाली घालून पुतण्याला सोडलं, कंपाउंडरला पकडलं आणि मजकूर पाठवून दिला.

लगेच फोन खणाणला. “काका, कमाल केलीत! मी वाचलंय ते पुस्तक. पहिल्यांदाच खुनी बरोबर ओळखलात! शब्दकोडं रद्द!”

काका खुशीत टेबलावर रेलले. टेबल हललं नाही. लग्नापासून डुगडुगणारं टेबल, आणि हललं नाही. ज्याला आपण देवमाणूस म्हणतो... त्यांनी हळूच स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग भिंग घेऊन खाली वाकले.

आखूड पायाखाली पिवळी पानं छान घडी घालून बसवली होती.

“ओढू नका हं,” आतून आवाज आला. “केर काढताना सुटी सापडली. वाचून झालीत माझी. आणि पुढची कादंबरी जरा जाड बघून आणा, कपाटही हलतंय.”