दत्तूअण्णांचं 'घावंल ते'

दत्तूअण्णा माइकसमोर बसले की पहिलं वाक्य ठरलेलं. "झोप येत नसंल तर ऐका, येत असंल तर गुमान झोपा. माझ्यावर उपकार करू नका."

आमचं रेडिओ केंद्र बेंबळीच्या रस्त्याला, एका संस्थेच्या गोदामाच्या माडीवर आहे. दिवसभर तिथून बाजारभाव, लसीकरण, बचत गट असं लोकांच्या भल्याचं सांगितलं जातं आणि लोक ते ऐकत नाहीत. रात्री दत्तूअण्णांचा 'घावंल ते' हा गाण्यांचा कार्यक्रम लागतो. त्यात कुणाचंच भलं नसतं. तो मात्र ऐकतात. मी यंत्रावर बसतो आणि काचेपलीकडं अण्णा.

अण्णा विजेच्या खात्यातून रिटायर झालेले लाइनमन. उभा जन्म खांबावर गेला. खांबावरून माणसं लहान दिसतात, ती सवय खाली उतरल्यावरही सुटली नाही. कार्यक्रमाचं नाव काय ठेवायचं, असं विचारलं तेव्हा म्हणाले, "घावंल ते लावणार. तेच नाव ठेवा." आणि खरंच त्यांना काय घावेल याचा नेम नसे. सौदीला ड्रायव्हर असलेल्या गावातल्या एका पोराच्या पेन ड्राइव्हमधली अरबी गाणी, उरुसातली कव्वाली, भूमच्या बाजारात एका मेंढक्याला चहा पाजून मोबाईलवर घेतलेल्या ओव्या, नळदुर्गाकडची कानडी भजनं, लग्नाच्या बँडचं क्लॅरिनेट, आणि मयतीपुढं वाजणारी हलगीसुद्धा. एकामागं एक, कशाचा कशाला मेळ नाही.

"आता ऐका अरबस्तानातलं," ते सांगायचे. "अर्थ मला ठाव न्हाय. तुमाला बी न्हाय. बरोबरीत सुटलो."

रात्रीची लाईट आली की पिकाला पाणी द्यायला जागणारी माणसं हे ऐकत. फोनही यायचे. पण दहातले नऊ, "अण्णा, आमच्याकडची लाईट कवा येणार?" असे. अण्णा भर कार्यक्रमात खेकसायचे, "म्या रिटायर झालो, तुमची लाईट न्हाय झाली. तिकडं इचारा." फर्माईश केली तर आणखी भडकत. "फर्माईश म्हंजे फुकटचं जेवण आन् वर भाजी आळणी म्हणायचं." संस्थेच्या मॅडमनी एकदा, श्रोत्यांशी जरा प्रेमानं बोला, असं सुचवलं. अण्णा म्हणाले, "प्रेमाची गाणी लावतोय की. अजून काय करू?"

या सगळ्यात एक फोन मात्र रोज यायचा, आणि तो माझ्याकडं यायचा.

"सुनील का रे? काय वाजवायलाय तो? बंद करायला सांग."

आवाज माणिक गुरुजींचा. मी शाळेत त्यांच्याच हाताखाली शिकलो. भजनी मंडळात पेटी वाजवणारा एवढा गोड हात पंचक्रोशीत नव्हता, आणि एवढी कडू जीभही नव्हती. माणिक गुरुजी हे दत्तूअण्णांचे सख्खे थोरले भाऊ. एकाच घराचे दोन भाग केलेले, मधे एक भिंत, दोन्हीकडं दोन म्हातारे. त्यांच्यात बोलणं नाही. मला कळायला लागल्यापासून नव्हतंच.

लोक म्हणत, बांधावरून भांडले. ते खोटं. बांधावरून भांडलेले पुन्हा बोलतात. अण्णांनीच मला एकदा खरं सांगितलं. तरुणपणी मंडळ येरमाळ्याच्या यात्रेला गेलं होतं. अण्णांना गायची भारी हौस. चाल त्यांनी धरली आणि सूर वर गेला, कुठल्या कुठं. गुरुजींनी पेटी थांबवली. सगळ्या गर्दीदेखत म्हणाले, "दत्त्या, तू नुसता टाळ धर. तोंड उघडू नको."

"माणसं हासली," अण्णा म्हणाले. "बायामाणसं बी हासली. म्या टाळ तिथंच ठिवला आन् चालत घरी आलो."

"येरमाळ्याहून?"

"मग? त्याच्यासंगं गाडीत बसू?"

त्यानंतर अण्णा कधी गायले नाहीत. म्हातारपणी आमच्या केंद्राचा माइक मिळाला तेव्हा गुरुजींना जे जे सहन होत नाही ते शोधून शोधून लावू लागले. गुरुजींना दम्यानं झोप नसायची. उशाशी रेडिओ असायचाच.

मग या दोघांचा निरोप्या मी. गुरुजी म्हणायचे, "त्याला म्हणावं, तबला उतरलाय, ऐकू येत न्हाय का?" मी काचेतून खूण करून आत जाऊन सांगायचो. अण्णा गाणं संपायच्या आत म्हणायचे, "सांग त्याला, रेडिओला कान पिळायचं बटन असतंय." मी ते फोनवर सांगायचो. "बटन मला शिकवतो? त्याला म्हणावं, हा बँडवाला सुरात वाजवत न्हाय, पिऊन वाजवतोय." मी पुन्हा आत. सख्ख्या भावांचं सगळं बोलणं माझ्या चपलांच्या टाचा झिजवत चालायचं. एकदा वैतागून म्हटलं, "अण्णा, तुम्हीच घ्या की फोन."

"म्या कशापायी? फोन तुला आलाय."

गेल्या वर्षी गुरुजींचा दमा वाढला. मुलगा पुण्याहून गाडी घेऊन आला आणि आईवडलांना घेऊन गेला. गाडी दारातून निघाली तेव्हा अण्णा गच्चीवर टाकी साफ करत होते. टाकी आदल्या दिवशीच साफ केली होती, असं त्यांची बायको मला म्हणाली. ते खाली आले नाहीत. गुरुजींनीही वर पाहिलं नाही.

आमचा रेडिओ जेमतेम आसपासच्या गावांत ऐकू येतो, पुणं तर लांबच राहिलं. मला वाटलं, सुटलो. दोन-तीन रात्री गेल्या आणि फोन वाजला.

"सुनील का रे? फोन जरा त्या यंत्रापाशी धर."

मी धरला. अर्धं गाणं झाल्यावर कानाला लावला तर पलीकडून, "काय ही घाण लावलीय!" बोलताना दम लागायचा, पण शिव्या घालताना लागायचा नाही. काचेतून अण्णा माझ्याकडं बघत होते. कुणाचा फोन, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

त्या दिवसांत अण्णांनी जे वाजवलं ते आठवलं तरी माझे कान दुखतात. बोकडांच्या बाजारातला आरडाओरडा, कुल्फीवाल्याचा भोंगा, शाळेतल्या पोरांनी पहिल्यांदाच हातात घेतलेली बिगुलं. मॅडमनी लेखी समज दिली. अण्णांनी तो कागद चहाच्या कपाखाली ठेवला. पुण्याहून गुरुजी रोज रात्री मन लावून चिडायचे. मी फोन धरून बसायचो, हात अवघडायचा.

एका रात्री गुरुजी नेहमीसारखे शिव्या देऊन थांबले आणि म्हणाले, "उद्या काय लावणार आहे तो?"

असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मी आत जाऊन अण्णांना तसंच सांगितलं. अण्णांनी बाहीनं माइक उगाच पुसला. मग म्हणाले, "सांग, ऐकायचं आसंल तर ऐक म्हणावं. म्या जाहिरात करत न्हाय."

मी तसंच सांगितलं. गुरुजी नुसतं "बरं" म्हणाले.

दुसऱ्या रात्री फोन आला नाही. तिसऱ्या रात्रीही नाही. अण्णा गाणं लावायचे, काचेतून माझ्या टेबलाकडं बघायचे, आणि गाणं संपलं तरी पुढचं सांगायचं विसरायचे. नंतर एका सकाळी गावाच्या मोबाईल ग्रुपवर गुरुजींचा फोटो आला, फुलांच्या चौकटीत. खाली लोकांचे जोडलेले हात. अग्नी पुण्यातच दिला होता. सख्ख्या भावाला कळलं ते त्या फोटोवरून, तोही शेजारच्या पोरीनं दाखवला म्हणून.

"अण्णा, जायचं का पुण्याला? मी गाडी बघतो," मी घरी जाऊन म्हटलं.

"बोलावलंय का कुणी?" त्यांनी विचारलं. पुतण्यानं खरंच बोलावलं नव्हतं.

त्यानंतर अण्णा केंद्रावर आले नाहीत. मी त्यांच्या वेळेला सिनेमाची जुनी गाणी लावून दिली. अण्णा का नाहीत, असं विचारणारा एकही फोन आला नाही. उलट मॅडम म्हणाल्या, "आता जरा बरं वाटतंय ऐकायला."

दहावं झाल्यावर, तेही पुण्यातच झालं म्हणे, अण्णा एका रात्री जिना चढून आले. डोक्याला कानटोपी. वैशाखाचा उकाडा, माडीवर पंखासुद्धा गरम वारा टाकणारा. ते काचेपलीकडं आपल्या जागेवर बसले, हेडफोन उचलला. टोपीवरून तो बसेना. दोनदा बसवून पाहिला. मग त्यांनी हळूच टोपी काढली.

डोकं तुळतुळीत होतं. मिशी काढलेली मघाशीच दिसायला हवी होती. मी नीट पाहिलं नव्हतं. भावाचं दहावं अण्णांनी इकडं कुठं घातलं, ओढ्याला की विहिरीवर, कोण होतं बरोबर, कुणास ठाऊक. बहुतेक कुणी नसावं.

मी आत गेलो. अण्णाच बोलले.

"सुन्या, एक इचारू? त्यानं कधी चांगलं म्हणलं का रं? एखाद्या गाण्याला?"

खोटं बोलायला हरकत नव्हती. पण गुरुजींचा विद्यार्थी मी, आणि त्यांनी खरोखरच कधी म्हटलं नव्हतं.

"नाही अण्णा. एकदाही नाही."

"व्हय," अण्णा म्हणाले. "म्हणायचाच न्हाय. म्हणला असता तर म्या कवाच बंद केलं असतं हे."

मी दारापर्यंत आलो तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारली.

"तू फोन धरायचास ना, तवा नीट ऐकू जायचं का त्याला?"

"जायचं की," मी म्हटलं.

अशा फोनमधून गाणं किती ऐकू जातं, ते मला माहीत आहे. अण्णांनाही माहीत असणार. त्यांनी हेडफोन कानांवर नीट बसवला आणि लाव म्हणून मला बोटानं खूण केली.