ताम्हनकरांचे केस, शिरगुप्प्यांचं डोकं

मोरेश्वर ताम्हनकर रोज पहाटे पाऊण तास योगासनं करायचे आणि त्यांचे केस समोरच्या ब्लॉकमधल्या उत्तम शिरगुप्प्यांच्या डोक्यावर उगवायचे.

यात ताम्हनकरांची कसूर काहीच नव्हती. गडी नेमाचा पक्का. अधोमुख श्वानासन, उत्तानासन, वज्रासन, भिंतीला पाय टेकून सर्वांगासन, मग अनुलोम-विलोम आणि शेवटी दोन्ही हातांची नखं एकमेकांवर दहा मिनिटं घासणं. डोक्याकडे रक्त जातं, मुळांना जाग येते, मन शांत झालं की गळती थांबते, असं योगवर्गाच्या काकडेबाईंनी सांगितलं होतं. त्यातलं एक अक्षरही खोटं निघालं नाही. मुळांना जाग आली होती, फक्त ती चार पावलं पलीकडे, सात नंबरच्या ब्लॉकमध्ये आली होती.

ताम्हनकरांना टक्कल पडलं ते सव्विसाव्या वर्षी. लग्न झालं अठ्ठाविसाव्या. बोहल्यावर मुंडावळ्या तीनदा घसरून नाकावर आल्या, तेव्हा मेहुण्यानं मागून दोरा बांधला. सुमतीबाई तेव्हा हसल्या नव्हत्या, आणि त्यानंतरच्या चोवीस वर्षांत त्यांनी टकलाचा विषय एकदाही काढला नव्हता. ताम्हनकरांना नेमकं तेच लागायचं. चिडवलं असतं तरी चाललं असतं हो! आपल्या बायकोनं आपल्याला केसांसकट एकदाही पाहिलेलं नाही, तिचा हात आपल्या केसांतून कधी फिरलेला नाही, ही खंत त्यांनी मनात धरली होती. म्हणून तर एक्कावन्नाव्या वर्षी त्यांनी चटई विकत आणली. सुमतीबाईंना सांगितलं की पाठ दुखते.

ताम्हनकरांची सगळी नोकरी जमिनीची मोजणी करण्यात गेलेली. मोजल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नसे. त्यांनी वही ठेवली. डाव्या रकान्यात आसनांची मिनिटं, उजव्या रकान्यात केसांची वाढ. वर्षभरात डावा रकाना गच्च भरला आणि उजव्यात रोज एकच नोंद होत राहिली : निरंक.

समोरचे शिरगुप्पे शेतीपंपांचे व्यापारी. सकाळी साडेआठपर्यंत घोरणार, उठल्यावर भडंगाचा डबा मांडीवर घेऊन पेपर वाचणार. वाकून चप्पल घालायचंही त्यांच्या जिवावर यायचं. गेल्या दिवाळीपर्यंत त्यांचंही डोकं ताम्हनकरांइतकंच गुळगुळीत होतं. आता तिथे काळंभोर, दाट, किंचित कुरळं रान माजलं होतं. त्यातलं कुरळेपण ताम्हनकरांच्या आईकडचं.

शंका आली ती कुरळेपणावरून. मग ताम्हनकरांनी तपास केला. ते तापानं आडवे होते त्या चार दिवसांत शिरगुप्पे जिन्यात भेटले ते टोपी घालून. नखं घासणं वाढवलं त्या आठवड्यात शिरगुप्प्यांचे कल्ले कानाखाली उतरले. आणि एके दिवशी घाईत सर्वांगासन राहिलं, तर संध्याकाळी शिरगुप्पीणबाई गॅलरीत नवऱ्याला म्हणत होत्या, "केस आज जरा मऊ पडल्यात न्हवं?" ताम्हनकर त्याच संध्याकाळी वही घेऊन सात नंबरची बेल वाजवायला गेले.

"या की साहेब, या," शिरगुप्पे म्हणाले. "मंगल, च्या टाक."

ताम्हनकरांनी वही उघडून दाखवली. शिरगुप्प्यांनी दोन्ही रकाने शांतपणे वाचले, पान उलटलं, मग मान हलवली.

"मला वाटलंच हुतं कुणीतरी करत असणार," ते म्हणाले. "आपोआप एवढं कुठलं यायला? मी मंगलला म्हटलं बी, ह्यामागं कुणाचे तरी कष्ट हायेत."

"अहो, मग ते माझे केस आहेत!"

"न्हाई कोण म्हणतंय? तुमचंच हायेत. पण आल्यात माझ्याकडं. आता दारात आलेल्याला हाकलायचं कसं, तुम्हीच सांगा."

ताम्हनकर चहा प्यायले. निघताना शिरगुप्प्यांनी त्यांना थांबवून, मान वाकवून, टाळूच्या डाव्या बाजूची एक जागा दाखवली. "इथं जरा पातळ पडतंय बघा. डाव्या अंगानं काय करता येत असंल तर बघा की. घाई न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून ताम्हनकरांच्या सहा नंबरच्या दाराशी सकाळी चार केळी आणि भिजवलेल्या बदामांची वाटी दिसू लागली. वर चिठ्ठी असायची. "तब्येतीला जपा. उ. शि." तिसऱ्या आठवड्यात चिठ्ठीची भाषा बदलली. "काल पाच मिनिटं कमी झालं काय? कपाळावर जाणवतंय." ताम्हनकरांच्या अंगाचा तिळपापड झाला. केस तर गेलेच होते, आता हजेरीही द्यायची!

ते काकडेबाईंकडे गेले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना नवल वाटल्याचं दिसलं नाही.

"होतं असं," त्या म्हणाल्या. "आपले लेंगरे सर तीन वर्षं कपालभाती करतायत. पोट माझ्या नणंदेचं उतरलं. ती बेळगावला असते."

"मग लेंगरे सर काय म्हणाले?"

"काय म्हणणार? तिला हळदीकुंकवाला साडी नेसताना त्रास होत नाही आता. सरांना फोटो पाठवते ती." बाईंनी चटईची घडी घातली. "ताम्हनकर, फळाची आशा धरू नये असं आपल्याकडे सांगतातच. ते फळ मग कुठेतरी जाणारच ना?"

ताम्हनकरांना हे पटलं नाही. त्यांनी योगासनं बंद केली.

नऊ दिवसांत सात नंबरमध्ये हाहाकार उडाला. उशी काळी होऊ लागली. न्हाणीघराची मोरी तुंबली. शिरगुप्पीणबाई पदर खोचून सुमतीबाईंसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"वहिनी, असलं कुठं असतंय होय? माणसानं हातातलं काम असं मधनंच टाकावं? आमच्या ह्यांनी आठ दिसांत जेवण टाकलंय. आरशाम्होरनं हलंनात."

सुमतीबाईंना तोपर्यंत पाठदुखीपलीकडे काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी मंगलवहिनींना पाणी दिलं, सगळं ऐकलं आणि त्या गेल्यावर नवऱ्याकडे वळल्या. "अहो, तुम्ही हे केसांसाठी करत होतात?"

ताम्हनकरांनी मान खाली घातली.

"मला सांगायचं तरी."

"आल्यावर सांगणार होतो," ताम्हनकर म्हणाले. त्या रात्री सुमतीबाईंनी आमटीत मीठ दोनदा घातलं.

शेवटी दोन्हीकडून अर्ज गेले. ताम्हनकरांनी केसांचा ताबा मागितला, शिरगुप्प्यांनी सराव पूर्ववत सुरू करण्याचा आदेश मागितला. असे दावे योगफल वाटप अधिकाऱ्यांपुढे चालतात. त्यांचं कार्यालय मिरज रस्त्यावर एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे, आणि तिथे मंगळवारी गर्दी असते. त्या दिवशी बाकावर एक आजोबा बसले होते. त्यांच्या प्राणायामानं तिसऱ्याच कुणाचा दमा बरा झाला होता आणि त्या माणसानं साधा निरोपही दिला नव्हता.

अधिकारी होत्या श्रीमती निंबाळकर. बाई कडक, पण माणूस बोलत असताना मध्ये तोडत नसत.

"अर्जदाराचं म्हणणं?"

"मॅडम, कसेल त्याची जमीन, हे आपण मान्य केलेलं आहे," ताम्हनकर म्हणाले. हे वाक्य त्यांनी जिन्यात चारदा घोकलं होतं. "मग करेल त्याचे केस."

"सामनेवाले?"

"माझं काय म्हणणं न्हाई," शिरगुप्पे म्हणाले. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. "एवढंच की डोकं माझं हाय. खाज मला सुटती. उवा झाल्या तर मला हुणार. फुडच्या महिन्यात पुतणीचं लगीन हाय, फेटा बांधायला बोलवलाय माणूस."

"तुम्ही स्वतः योगासनं करून पाहिलीत?"

"केली की. पंधरा दिवस. जयसिंगपूरच्या एका तबलजीची दाढी वाढली. त्येंचं हरकतीचं पत्र आलंय, जोडलंय बघा मागं."

निंबाळकरबाईंनी पत्र पाहिलं आणि शिक्का मारला. मग ताम्हनकरांची कागदपत्रं घेतली. ती पाहून मात्र त्यांचा चेहरा उजळला. ताम्हनकरांनी अर्जासोबत शिरगुप्प्यांच्या डोक्याचा नकाशा जोडला होता. सोसायटीच्या सत्यनारायणाला शिरगुप्पे पंगतीत पुढ्यात बसले होते, तेव्हा मागे उभं राहून घेतलेल्या मापांवरून त्यांनी तो काढला होता. प्रमाण दिलेलं, उत्तर दिशेचा बाण काढलेला, भोवरा खुणेनं दाखवलेला, दोन्ही कानांपर्यंतच्या हद्दी तांबड्या शाईत. खाली तक्ता.

"इतकं नीटनेटकं काम या कार्यालयात आजवर आलं नाही," बाई म्हणाल्या. "हा तक्ता तुम्ही स्वतः भरलात?"

"स्वतः."

"कब्जेदाराच्या रकान्यात उत्तम भाऊसो शिरगुप्पे असं लिहिलंय."

ताम्हनकरांनी वाकून पाहिलं. अक्षर त्यांचंच होतं. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं. जागेवर जायचं, प्रत्यक्ष कोण वहिवाट करतोय ते पाहायचं, आणि आपलं असो की परक्याचं, त्याचंच नाव लिहायचं. हात सवयीनं चालला होता. खोटं लिहिणं त्यांना तीस वर्षांत जमलं नव्हतं, आणि नेमकं स्वतःच्या केसांच्या वेळीही जमलं नाही.

"आणि कालावधी, चौदा महिने अखंड. हेही तुम्हीच लिहिलंय." बाईंनी चष्मा काढला. "बारा महिन्यांवर वहिवाट गेली की केस हलवता येत नाहीत, ताम्हनकर. तुम्हाला नियम सांगायला नको."

"नको," ताम्हनकर म्हणाले.

"केस मिळत नाहीत हे धरून चाला. आता सांगा, तुम्हाला ते हवे कशाला होते?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. भर कार्यालयात, शिरगुप्प्यांच्या देखत, ताम्हनकरांनी सांगून टाकलं. दोरा बांधलेल्या मुंडावळ्या सांगितल्या. चोवीस वर्षं सांगितली. बायकोनं एकदा तरी केसांतून हात फिरवावा, बाकी काही नाही, असं म्हणाले आणि रुमालानं टाळू पुसली. शिरगुप्पे हातातल्या टोपीकडे बघत राहिले.

बाईंनी सगळं लिहून घेतलं. "हे मागणीच्या रकान्यात बसत नाही," त्या म्हणाल्या. "शेऱ्यात घालते."

आदेश तीन आठवड्यांनी आला. अभ्यासकानं रोज पंचेचाळीस मिनिटं सराव चालू ठेवावा. केस आहेत त्याच डोक्यावर कायम राहतील. सामनेवाल्यानं अभ्यासकाच्या लेखी संमतीशिवाय केस कापू अथवा रंगवू नयेत. अभ्यासकास दर रविवारी सकाळी दहा ते साडेदहा केसांना तेल लावण्याचा व ते विंचरण्याचा हक्क राहील. शेरा : अभ्यासकाच्या पत्नीस सोबत नेता येईल.

ताम्हनकरांनी दुसऱ्याच पहाटे चटई अंथरली. पंधरा दिवसांत शिरगुप्प्यांची टोपी गेली. पुतणीच्या लग्नात लोकांना केस दिसावेत म्हणून त्यांनी फेटा ऐनवेळी नाकारला, असं कानावर आलं. भांग मात्र उजवीकडून पाडायचा की डावीकडून, हे विचारायला ते आदल्या दिवशी सहा नंबरमध्ये येऊन गेले होते.

टोपी गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी दहाला पाच कमी असताना ताम्हनकर खोबरेल तेलाची बाटली, कंगवा आणि आदेशाची प्रत घेऊन दारात तयार उभे होते. सुमतीबाईंनी इस्त्रीची साडी नेसली होती.

"मी कशाला?" त्या म्हणाल्या. "लोक काय म्हणतील!"

"शेऱ्यात आहे," ताम्हनकर म्हणाले.

सात नंबरमध्ये मंगलवहिनींनी हॉलच्या मधोमध स्टूल मांडलं होतं. शिरगुप्पे अंघोळ करून, खांद्यावर पंचा टाकून, फोटोला बसल्यासारखे ताठ बसले होते. ताम्हनकरांनी प्रत दाखवली. मंगलवहिनींनी ती वाचली आणि परत दिली. मग ताम्हनकरांनी तळहातावर तेल घेतलं, मुळांशी चोळलं, आणि भोवऱ्यापासून खाली हळूहळू कंगवा फिरवला. डावी बाजू अजून पातळच होती. तिच्याकडे बघून घ्यायला हवं, असं ते मनाशी म्हणाले.

दहा वाजून वीस मिनिटांनी ते बाजूला झाले. "ये," ते बायकोला म्हणाले.

सुमतीबाई पुढे आल्या. त्यांनी एकदा मंगलवहिनींकडे पाहिलं. मंगलवहिनी दूध उतू जातंय म्हणत आत निघून गेल्या, गॅस बंद होता तरी. सुमतीबाईंनी बांगड्या मनगटावर मागे सारल्या, बोटं केसांत घातली आणि कपाळापासून मानेपर्यंत सावकाश हात फिरवला. एकदा, मग पुन्हा एकदा. खाली त्या बघतच नव्हत्या. त्या समोर उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघत होत्या, आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

"किती मऊ आहेत हो तुमचे केस," त्या म्हणाल्या.

"थँक्यू वहिनी," शिरगुप्पे म्हणाले.

"तुम्हाला नाही म्हटलं, भावजी."

"बरं, बरं," शिरगुप्पे म्हणाले, आणि त्यांना नीट हात पोचावा म्हणून मान आणखी थोडी खाली केली.