डबेदप्तर मोडल्याची हकिकत

सकळ चुकांचा कर्ता आणि त्याच चुकांचा दुरुस्तकर्ता जो एकच पुरुष, त्यास वंदन करून ही हकिकत लिहिली जाते ऐसी जे:

मागील खोलीत एक सॉफ्टवेअरकर्ते राज्य करीत होते. त्यांनी भर तारुण्यात 'डबेदप्तर' नामे ॲप उभारिले. स्वयंपाकघरातील कोणत्या डब्यात काय उरले हे फोनात नोंदावे आणि संपत आले की फोनाने आरोळी द्यावी, ऐसा त्याचा कायदा. राजे स्वतःच वजीर, स्वतःच फौज, आणि तट ढासळला तर गवंडीही स्वतःच. मग वर्षे लोटली, कपाळ मोठे होत गेले, आणि दर साली फोन बनविणारे बादशहा नवे फर्मान काढीत, मग राजांचा अर्धा कोट कोसळे, आणि राजे तो निमूट पुन्हा बांधीत. राणीसाहेबांनी ते ॲप कधी वापरिले नाही. त्या डबा हलवून पाहात.

अखेर राजांनी दुसऱ्याची चाकरी पत्करिली. सोमवारी रुजू व्हावयाचे, सबब रविवारी जेवणापूर्वी डबेदप्तर कायमचे मोडावे, ऐसा तह राणीसाहेबांशी जाहला.

रविवारी राजे खुर्चीवर आरूढ जाहले. समोर तांबडे बटण: 'कायमचे बंद करा'. मग राजांनी कुमक म्हणून चहा मागविला, आणि निरोपाचा मजकूर लिहिला, आणि तो मजकूर शोभून दिसावा म्हणून नवे पान बांधावयास घेतले, आणि त्या पानात चूक निघाली, मग ती दुरुस्त करणे प्राप्त जाहले.

(येथे बखरीची काही पाने गहाळ आहेत. त्यांत राजांनी फक्त बटणाचा रंग बदलला.)

राणीसाहेब दारात प्रकटल्या. "बंद करायला बसलास ना? मग हे नवीन काय काढलंस?"

"अगं, लोकांना नीट निरोप द्यायला नको का?"

"कुठले लोक?"

हा वार वर्मी बसला. कारण रयतेवर हेर ठेवू नयेत हा राजांचा बाणा. ॲप कोण उघडतो, कधी उघडतो, याची नोंद त्यांनी कधी ठेविली नाही, आणि हा अभिमान चारचौघांत बहुत मिरविला. सबब रयत किती, हे खुद्द राजांसच ठाऊक नव्हते. ठाऊक होते ते एकच वृद्ध गृहस्थ, जे तक्रारी पाठवीत: अक्षर बारीक आहे, हिरवा रंग डोळ्यांत जातो, साखरेच्या आधी मीठ का. राजे प्रत्येकीस उत्तर देत. त्या तक्रारींच्या टेकूवर अवघे राज्य उभे होते. आता या माणसास उघड्यावर टाकून जावे कैसे?

मग राजांनी धीर करून, स्पीकर चालू ठेवून, त्यांस फोन लाविला.

"काका, डबेदप्तर बंद करतोय. तुमची गैरसोय होईल, माफ करा."

"माझी? अहो, मी ते केव्हाच काढून टाकलं. घरात डबे उरलेत तीन. ते मोजायला फोन कशाला?"

राजांचे अवसान गळाले. "मग त्या तक्रारी? परवा तर लिहिलंत, आरोळी कर्कश आहे म्हणून."

"आठवून आठवून लिहायचो. तुम्ही उत्तर द्यायचात ना. मुलगा नुसता अंगठा पाठवतो."

राणीसाहेब आतापावेतो हसू दाबून उभ्या होत्या. त्या गुपचूप खुर्चीच्या हातावर येऊन बसल्या.

"पण तुम्ही बंद केलंत," काकांनी विचारिले, "तर मी तक्रार कशाची करू?"

राजे म्हणाले, "माझी करा. हाच नंबर."

"करतो की! जरा मोठ्यानं बोलत जा, पुटपुटता फार."

मग राजांनी बटण दाबिले. यंत्राने खात्री विचारिली. राजांनी पुन्हा दाबिले. नौबत झडली नाही, तोफ उडाली नाही. पंखा फिरत होता तो फिरत राहिला.

येणेप्रमाणे अन्न निवण्यापूर्वी मोहीम फत्ते जाहली. राज्य बुडाले. रयत अवघी एक निघाली, ती तिच्या फिर्यादींसह राजांनी आपल्या खासगीकडे जमा करून घेतली.