तारेचं गाऱ्हाणं

श्रीपाद मास्तर हल्ली कशावरच चिडत नसत. चिडायलासुद्धा अंगात त्राण लागतं, आणि मास्तरांचं सगळं त्राण थोरल्या बहिणीशी, म्हणजे अक्काशी, वाद घालण्यात संपलं होतं. वाद एकच. मास्तरांच्या नीरजाचे पुढे आलेले दात.

"अक्का, कोल्हापूरचो डॉक्टर सांगता, आता जबडो वाढता आसा, हेच वय. तार लावली तर दात मागे जातले. उशीर केलो तर कठीण."

"देवान दिल्ले दात मागे ढकलणारो तू कोण? आमच्या घराण्याचे दात असेच. माझे नाय असत?"

अक्काचे होते खरे. 

शेवटी रवळनाथाला कौल लावला. दाजी गुरवानं देवाच्या अंगावर फुलांचे कळे चिकटवले, उजवा कळा पडला आणि देवाची परवानगी मिळाली. देवापुढे अक्काचंही काही चालेना. कोल्हापूरला जाताना फोंडाघाटात एसटीत नीरजा ओकली, मास्तर ओकले, पण तार आली. लालसर प्लास्टिकची टाळू आणि तिला तारांचे आकडे. जेवताना काढायची, बाकी वेळ तोंडात ठेवायची.

आणि महिन्याभरात देवळातल्या समाराधनेला ती हरवली! नीरजानं जेवताना काढून पानाच्या कडेखाली ठेवली होती. जेवून ती हात धुवायला गेली तेवढ्यात पंगत उठली, पानं उचलली गेली आणि देवळामागे जाऊन पडली. पोर ढसाढसा रडायला लागली. मास्तर धोतर खोचून उष्ट्या पानांत शिरले. तार नव्हती. दाजीची गाय मात्र तिथंच उभी राहून निवांत पानं चघळत होती.

"गायन खाल्ल्यान!" कोणीतरी ओरडलं.

दाजीनं छाती पिटली. "मास्तरानू, माझ्या गायच्या पोटात तार! ती मेली तर गोहत्या कोणाच्या माथ्यार?"

झालं. मास्तर शाळेआधी आणि शाळेनंतर गोठ्यात, हातात काठी, नजर गाईच्या शेपटीवर. शेपटी वर झाली की मास्तर उठत, काठीनं शोधत आणि पुन्हा बसत. येणारे-जाणारे विचारीत, "मास्तरानू, गावली?" मास्तर नुसती मान हलवीत.

एकच सुख होतं. समाराधनेच्या संध्याकाळपासून अक्कानं मौन धरलं होतं. ओठांवर बोट ठेवून तिनं देवळाकडे हात केला, एवढंच. तोंडाला पदर, आणि आहार म्हणजे पातळ पेज. "भाचयेसाठी केवढा कडक व्रत!" म्हणून बायका तिच्या पाया पडून जात. इतक्या वर्षांनी घर शांत झालं, आणि आपण मात्र गोठ्यात बसलोय, याचं मास्तरांना फार वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी गाईनं वैरण सोडली. गावानं काळजीपोटी तिला इतकी केळी चारली होती की दुसरं काय होणार? पण दाजी घाबरला. देवाला गाऱ्हाणं घालायचं ठरलं, गाव देवळात जमलं. दाजीनं बोलायचं आणि सगळ्यांनी हुंकार द्यायचा.

"बा देवा रवळनाथा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या मास्तराच्या चेडवाची तार माझ्या गायन गिळल्यान..."

"व्हय म्हाराजा!"

दाजी थांबला. "अक्कानू, घरातला मोठा माणूस गप रवला तर देव ऐकाचो नाय. मौन गाऱ्हाण्यात चलणा नाय."

अक्कानं जोरानं मान हलवली.

"मगे गायचा बरावाईट झाला तर पाप तुमच्या माथ्यार!"

 अक्कानं डोळे मिटले, हात जोडले आणि पदर सुटला.

"व्हय म्हालाजा!"

समईच्या उजेडात तिच्या तोंडातली तार लख्ख चमकली.

तारेचा आकडा अक्काच्या दाढेत असा रुतला होता की काढता काढता मास्तरांना घाम फुटला. तार वाकडी झाली, पण निघाली. अक्का जबडा चोळत बसली.

"पानाखाली गावली. माका वाटला, एकदा लावन बघूया. मगे ती सुटाच ना. सांगतलंय कशी?"

"पण अक्का, कित्याक लावलंस?"

"माका चार जाग्यार दाखवल्यानी, श्रीपाद. बाबा सांगीत, पत्रिका जमली नाय. पत्रिका कोणी बघल्यानी? माझा तोंड बघीत नि उठीत."

मास्तर हातातली वाकडी तार पुसत राहिले. ज्या दातांवरून ते बहिणीशी इतके भांडले, ते दात तिनं जन्मभर कसे सोसले हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

वाकडी तार घेऊन पुन्हा फोंडाघाट आला, पुन्हा ओकाऱ्या आल्या. अक्का हट्टानं बरोबर होती. डॉक्टरांनी "पेशंट कोण?" विचारायच्या आत ती खुर्चीत बसली आणि तिनं आ वासला.

डॉक्टरांनी नीट पाहिलं. मग हळूच म्हणाले, "बाई, आता हाडं पक्की झाली. लहानपणी आला असतात तर तारेनं काम झालं असतं. आता ते वय गेलं."

 अक्का उठली, तिनं निऱ्या सारख्या केल्या आणि नीरजाला दंडाला धरून खुर्चीत बसवलं.

"मगे हेचा वय जावच्या आदी करा," ती म्हणाली. "आमी थांबतो."